टाकी अर्धी ऱ्हायली

मालुबाई चवड्यावर बसून डेक घासत हुती आणि मी तिच्या मागं उभी राहून विक्रमला शिव्या घालत हुते. विक्रम तितं नव्हता. असता तरी मी थांबले नसते.

"दिपे, तोंड चालवू नगंस, हात चालव," ती म्हणली. "पाणी गार झालंय. दुसरं आण."

एप्रिलातली सकाळ, साडेसहा वाजलेलं. एप्रिलात धरणाचं पाणी खाली उतरतंय, काठाचा तांबडा चिखल उघडा पडतोय आणि धक्क्याला बांधलेली बोट नेहमीपेक्षा खोल दिसती. बोटीचं नाव 'चंदना'. बावीस फुटी, शिडाची, पांढऱ्या फायबरची. दहा वाजता उन्हाळी शिबिराचं उद्घाटन हुतं. बेळगावातनं चौदा पोरं येणार, त्यांचे आईबाप येणार, कोण एक मोठा पाहुणा येणार, फोटोवाला येणार. आणि डेक आरशागत चमकत हुता.

वाईट झालं हुतं ते तेच.

ज्यांनी असली बोट बघितली न्हाय त्यांना सांगते. शिडाच्या बोटीत माणूस एका जागी बसत न्हाय. वारा फिरला की ह्या बाजूचा त्या बाजूला, ही दोरी वड, ती सोड, आणि हे सगळं बोट तिरपी झालेली असताना, पाय वल्लं असताना. म्हणून डेक गुळगुळीत ठेवत न्हाईत. फायबर वततानाच त्याच्यावर दाणं उठवतात, तांदळाच्या कणीएवढं, शंकरपाळ्या कापल्यागत तिरप्या वळीनं. ते दाणं पाय धरतात म्हणून माणूस पडत न्हाय. आदल्या दिवशी सांजच्याला, मालुबाई घरला गेल्यावर, विक्रमनं गाड्या चमकवणारा एक माणूस आणला आणि त्या दाण्यांवर मेणाचं पॉलिश चोपडून घेतलं. वर मशीन फिरवून घेतली. दाण्यांच्या मधल्या चिरा मेणानं बुजल्या. डेकची फरशी झाली, तीबी तेल सांडलेली.

विक्रम म्हंजे आमच्या क्लबचा मॅनेजर. टिळकवाडीत वाढलेला, वर्षभरामागं आलेला, पाण्याला पाय न लावता बोटींचा कारभार बघणारा. आणि त्याला माहीत नव्हतं असं न्हाय. चार दिवस आधी माझ्यासमोर मालुबाईनं त्याला सांगितलं हुतं, "सायेब, बाजू चमकवा, बूड चमकवा, खरं डेकला मेण लावू नगा. पोरं सरकत्यात."

तो म्हणला, "मावशी, पाहुणे येणार आहेत. पाहुणे यायच्या आधी तुम्ही घर सारवता की नाही?"

"सारवतो की. खरं तेल घालून न्हाय सारवत."

मी हसले. विक्रम हसला न्हाय. तिच्या माघारी काम उरकून घेतलं त्यानं.

सकाळी ती आली, धक्क्यावर चप्पल काढली, उजवा पाय डेकवर ठिवला आणि तसाच उचलून घेतला. डेक बघायची तिची रीत तीच. डोळ्यानं न्हाय, तळपायानं. माझ्याकडं वळून म्हणली, "हिचं दात कुणी काढलं गं?"

हे दात काय प्रकार ते कळायला तिचा बा कोण हुता ते सांगायला पायजे. मालुबाईचा बा काकतीच्या आसपासच्या गावांतनं फिरून पाटं आणि जाती टाकवायचा. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्याच्यावर मिरची वाटत न्हाय, नुसती फिरती. मग छिन्नी-हातोडी घेऊन त्याच्यावर परत बारीक बारीक खड्डं पाडायचं. त्या खड्ड्यांच्या कडा म्हंजे पाट्याचं दात, आणि ह्याला टाकी लावणं म्हणतात. ती सात वर्षांची असल्यापास्नं बाच्या पुढ्यात बसून दगडाची भुकटी फुकायची आणि बानं हात थांबवला की पाट्यावरनं तळवा फिरवून सांगायची, हितं झालं, हितं न्हाय झालं. बा तिचं ऐकायचा. गल्लीगल्लीतनं "टाकी लावायची का, टाकी" म्हणून वरडायचं कामबी तिचंच. मग घराघरात मिक्सर आलं आणि त्यांचं वरडणं ऐकायला कुणी दार उघडंना.

लगीन होऊन ती निपाणीला गेली. विड्या वळल्या. बारा वर्षं. तिच्या बोटांच्या टोकांवर रेघाच न्हाईत, पानांनी खाल्ल्या. आधार कार्डाच्या मशीनवर चार वेळा अंगठा ठेवूनबी उठला न्हाय, तवा तिथला माणूस म्हणला, मावशी, तुम्ही हायसा की न्हाय? ही म्हणली, दिसत न्हाय काय, चष्मा घाला. नवरा दारूनं गेला, पोरबाळ नव्हतं. मग ती बाबगोंडा आप्पाच्या घरी कामाला लागली.

आप्पा तंबाखूचा व्यापारी. निपाणीच्या जैन बस्तीजवळ घर, गोडाऊन. चाळीस वर्षं तंबाखूची धूळ खाऊन त्याला खोकला लागला आणि डॉक्टरनं मोकळी हवा खा म्हणून सांगितलं. दुसरं कुणी असतं तर सकाळी फिरायला गेलं असतं. आप्पानं गोव्याहून जुनी शिडाची बोट आणली, ट्रकवर घालून, आणि तिला लेकीचं नाव दिलं. चंदना आक्का सासरी हैदराबादला असती. घरातल्यांनी डोक्याला हात लावला. आप्पा आठवड्याला तीन दिवस धरणावर येऊन ऱ्हायचा आणि जेवण करायला म्हणून मालुबाईला आणायचा.

पहिल्या दिवशी तिनं डेकवर तळवा फिरवला आणि इचारलं, "आप्पा, हिला टाकी कुणी लावली?"

आप्पा हसता हसता खोकत सुटला म्हणे. खरं त्याला पटलं. तवापास्नं आमच्या धरणावर डेक धुण्याला टाकी लावणं म्हणतात. आप्पा म्हणायचा, गेटवरचा मष्णूमामा म्हणतो, मी म्हणते. "टाकी लावून झाली का?" म्हंजे डेक धुऊन दाणं मोकळं झालं का. कुणी हसत न्हाय, कुणी चुकत न्हाय.

आप्पानं तिला सगळं शिकवलं आणि ती त्याच्या पुढं गेली. डेक रोज गोड्या पाण्यानं धुवायचा. साबण मऊ, भांड्याचा न्हाय. बुरूस मऊ केसांचा, आणि तो सरळ वडायचा न्हाय, गोल गोल फिरवायचा, कारण घाण दाण्यांवर नसती, दाण्यांच्या मधी असती. पाणकावळ्यांनी घाण केली तर वल्लं फडकं त्याच्यावर घटकाभर ठेवायचं, खरवडायचं न्हाय. तारेचा बुरूस बघितला तर ती तो पाण्यात टाकायची. एकदा माझा टाकलाय, इंजिनाचा हुता. उन्हानं फायबर खडूगत भुसभुशीत होतंय म्हणून महिन्यातनं एकदा पांढऱ्या बाटलीतलं औषध लावायचं. आप्पा ते गोव्याहून आणायचा, त्यात मेण नसतंय, पायाची पकड जात न्हाय. दिसायला दुधागत. त्या दिवशी ती सांगायची, "आज चंदनाला दूध पाजायचं हाय, कुणी चढू नगासा."

आणि ही बाई कधी त्या बोटीतनं फिरली न्हाय. पवायला येत न्हाय. दोरी सोडली की ती धक्क्यावर. मी लई वेळा म्हटलं, चल की गं एक चक्कर. ती म्हणायची, "पाटा टाकवणाऱ्यानं काय मिरची खायलाच पायजे काय?"

आप्पा दोन वर्षांमागं वारला. जाताना बोट क्लबला दिली, पोरांना शिकवायला. मालुबाई बोटीसंगं क्लबात आली. मी आधीपास्नंच तितं हुते. मी नववीत शाळा सोडली, उचगावात घरी बसून डोकं फिरत हुतं, चुलत्यानं क्लबात मोटरबोट दुरुस्त करायला नेलं आणि सहा महिन्यात रेस्क्यू बोट चालवायला मीच. शिडाची बोट उलटली तर पोरं काढायची, हे माझं काम. मालुबाईनं मला पहिल्या आठवड्यात सांगितलं हुतं, "तुझं काम माझ्या कामानंतर येतंय. माझं नीट झालं तर तुला बसून ऱ्हावं लागतंय. बसून ऱ्हायला शिक." ते काय मला जमलं न्हाय.

तर त्या सकाळी.

मेण काढणं सोपं न्हाय. गरम पाणी वतायचं, साबणाचा बुरूस गोल फिरवायचा, फडक्यानं टिपायचं, परत वतायचं. चिरांतलं ऱ्हायलेलं मेण ती बांबूच्या काडीनं काढत हुती, एकेक शंकरपाळी. मी मष्णूमामाच्या खोलीतल्या शेगडीवर पाणी तापवून तापवून आणत हुते. नऊला फोटोवाला आला आणि त्यानं सहज म्हणून तिचा फोटो काढला, बादली, फेस आणि मधी ती. साडेनऊपर्यंत सुकाणूपास्नं डोलकाठीपर्यंतचा डेक मोकळा झाला. तेवढं तिनं साध्या पाण्यानं तीन वेळा धुतलं, कोरडं केलं, आणि अनवाणी चालून बघितलं. डोलकाठीच्या पुढचं, बोटीच्या नाकाकडचं, तसंच ऱ्हायलं.

तिनं तितं चार वल्ली पोती पसरली, दोरीनं बांधली आणि मला म्हणली, "दिपे, टाकी अर्धी ऱ्हायली. तू ह्या काठीला पाठ लावून उभी ऱ्हा. हिच्या फुडं कुणाला सोडायचं न्हाय, पाहुणा असू दे न्हाईतर त्याचा बा असू दे. मी पोरांच्या चपला काढून घेती."

मी उभी ऱ्हायले. तवर पोरं आली आणि मालुबाई धक्क्याच्या टोकाला त्यांच्या चपला काढून घ्यायला लागली.

पावणेदहाला विक्रम आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट. बोट बघितली आणि म्हणला, "ही पोती कुणी टाकली? फोटोत काय गोडाऊन दाखवायचंय?"

"सायेब, खाली मेण हाय," मी म्हटलं.

"तेच दिसायला पाहिजे." त्यानं दोघा गड्यांना बोलावून पोती काढायला लावली आणि वळून चालायला लागला.

माझं डोकं गेलं. मी धक्क्यावर उडी मारली आणि त्याच्या मागं गेले. त्याला थांबवून मी काय काय बोलले ते हितं लिहीत न्हाय. तो म्हणत हुता, "आवाज खाली." मी आणखी वर नेत हुते. आणि मागनं धप्प असा आवाज आला, मग एका पोरीचं रडणं.

आरोही नावाची पोरगी. बारा वर्षांची. फोटोसाठी बोटीच्या नाकावर उभी राहायला गेली, दोन्ही पाय एकदम सुटलं, आणि दोरी बांधायच्या लोखंडी खुंटीवर हात आदळला. मनगट दोन ठिकाणी मोडलं. पाण्यात पडली न्हाय, एवढंच.

मी जागा सोडली. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं मी सगळ्यांवर भडकणार हाय आणि त्यात मीबी हाय.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, क्लबच्या ऑफिसात चौकशी झाली. टेबलाच्या पलीकडं विक्रम, कमिटीची बेळगावातनं आलेली दोन माणसं आणि आरोहीचा बाप. अलीकडं मालुबाई, उभी. खुर्ची हुती, खरं तिला बस म्हणलं न्हाय कुणी. मला बोलवलंच नव्हतं, मी आपली आत गेले. मष्णूमामा दारात.

विक्रमनं लॅपटॉप फिरवून फोटो दाखवला. बादली, फेस, मालुबाई. "हा सकाळी नऊचा फोटो. नऊ वाजून तीन मिनिटं."

कमिटीतला चष्मेवाला म्हणला, "बाई, तुम्ही सकाळी डेकवर काय करत होता?"

"टाकी लावत हुती."

"टाकी लावली. मग? पूर्ण झालं काम?"

"न्हाय सायेब. टाकी अर्धी ऱ्हायली. तवर पोरं आली."

ते दोघं एकमेकाकडं बघायला लागले. आरोहीच्या बापानं डोळं मिटून घेतलं. विक्रम टाइप करत ऱ्हायला. मला काय कळंना की ह्यात एवढं बघण्यासारखं काय हाय. तिनं खरं तेच सांगितलं हुतं.

मग विक्रमनं इंग्लिशमधी वाचून दाखवलं. माझं इंग्लिश नववीचं हाय, खरं त्यात एक शब्द मला कळला. टँक. मी म्हटलं, थांबा, परत वाचा. त्यानं मराठीत सांगितलं. सदर बाईंनी सकाळी धक्क्यावरची पाण्याची टाकी लावली, ती अर्धी चालू राहिली, साबणाचं पाणी डेकवर वाहत राहिलं, आणि हे त्यांनी स्वतः कबूल केलं.

धक्क्यावर पाण्याची टाकी हाय. काळी, पाचशे लिटरची, नळी लावलेली. हाय ते हाय.

"अवो, ती टाकी न्हाय ही," मी म्हटलं. "टाकी म्हंजे पाट्याची टाकी. छिन्नीची. दात काढायची."

"कुणाचे दात काढायचे?" चष्मेवाला म्हणला.

"डेकचं. काढायचं म्हंजे पाडायचं न्हाय, उठवायचं."

दुसरा हसला. "छिन्नी मारली डेकवर? मग तर आणखीच."

"छिन्नी कोण म्हणलं? बुरूस मारला. आमी त्याला टाकी म्हणतो. मष्णूमामा, सांग की."

मष्णूमामा दारातनं म्हणला, "व्हय, तसंच म्हणत्यात." त्याचा आवाज पायताणाच्या रॅकपर्यंत गेला असंल, टेबलापर्यंत न्हाय.

मी विक्रमकडं वळले. "तुला ठावं हाय. तुझी आज्जी काकतीची. तिच्या पाट्याला टाकी कुणी लावली? ह्याच बाईच्या बानं लावली असंल. आणि तू टँक लिवतोस?"

त्यानं एकदाच मान वर केली. आणि मला कळलं, त्याला तो शब्द माहीत हाय. तो लहानपणी ऐकलेला हाय त्यानं. मग त्यानं परत खाली बघितलं. "विषय भरकटवू नका. पॉलिशचा आणि पडण्याचा काही संबंध नाही. साबण होता, फोटो आहे, कबुली आहे."

"मुली, तुझं शिक्षण किती?" चष्मेवाल्यानं इचारलं.

"नववी."

"मग बस जरा."

मी बसले न्हाय, उभी हुते म्हणूनच बोलत हुते. ह्या लोकांची ही रीत मला कळत न्हाय. शिक्षण इचारायचं, म्हंजे पुढचं ऐकायला लागत न्हाय.

मालुबाई ह्या सगळ्यात खिडकीतनं बोटीकडं बघत हुती. मग मधीच म्हणली, "सायेब, पोरं परत कवा यायची?"

"सोमवारी," विक्रम म्हणला. "शिबिर थांबणार नाही."

"आणि डेक?"

"डेकला काय झालंय? साबण वाळला, विषय संपला. पॉलिश तसंच राहणार."

त्याला तसंच ठेवायला लागणार हुतं. पॉलिश काढलं तर पॉलिशमुळं पोरगी पडली असं आपल्या हातानं सांगितल्यागत झालं असतं.

मालुबाईनं माझ्याकडं बघितलं. "दिपे, घसा वाळलाय. पाणी आण जा."

मी गेले. कूलरपाशी गेले, तो रिकामा हुता, म्हणून मष्णूमामाच्या खोलीत गेले, तांब्या भरला, परत आले. दहा मिनिटं असतील. दारात पोचले तवा ती बाहेर येत हुती. उजवा अंगठा निळा.

"काय केलंस?"

"दिला अंगठा."

"कशावर? त्या टाकीच्या कागदावर?"

"व्हय."

"का दिलास?"

"सही येत न्हाय म्हणून."

"मी चेष्टा करत न्हाय, मालुमावशी."

"मीबी न्हाय." तिनं माझ्या हातातला तांब्या घेतला आणि सगळा पिली. "आजपास्नं मी येत न्हाय हितं. तू तुझं काम नीट कर."

मी तिला धक्क्यावर गाठलं आणि सोडलं न्हाय. म्हटलं, तू घाबरलीस. त्या चार खुर्च्यांना घाबरलीस. तुझा बा दारोदार वरडत हिंडला आणि त्याचा शब्द तू त्यांना फुकट देऊन टाकलास. उद्या गावभर बोलतील, पोरीचा हात मोडणारी बाई, आणि तूच लिहून दिलंयस. मी तुझ्यासाठी एवढी भांडले, ते काय म्हणून?

तिनं चप्पल पायात घातली. मग म्हणली, "तुला भांड म्हटलं नव्हतं, दिपे. उभी ऱ्हा म्हटलं हुतं."

एकदाच बोलली ते. तितं आत तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. काठीपाशी दिपीला उभी केल्ती, ती गेली, असं एक वाक्य ती बोलली असती तर अर्धं माझ्यावर आलं असतं. हे मला तवाबी कळत हुतं आणि म्हणूनच मला तिचा जास्त राग आला. मी वळले आणि उचगावला निघून आले. शुक्रवार, शनवार, आयतवार, तीन दिवस मी घरातनं हालले न्हाय. आईनं जेवायला बोलवलं तर तिच्यावर वरडले. नोकरी सोडायची ठरवलं. सोमवारी सकाळी उठून गेले, कारण रेस्क्यू बोट दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हती आणि पोरं पाण्यात जाणारच हुती.

पोरं आली. आरोही सोडून तेरा. दिवसभर त्या डेकवर पळली, वल्ल्या पायानं, नाकापास्नं सुकाणूपर्यंत. कुणी पडलं न्हाय. दुसऱ्या दिवशीबी न्हाय. शिबिर संपलं, कुणी पडलं न्हाय.

आणि विक्रमला पुरावा मिळाला. जे कोण आईबाप येतील त्यांना तो धक्क्यावर उभं करून सांगायचा, "डेक तोच, पॉलिश तेच. बाई गेली आणि घसरणं थांबलं." मी रेस्क्यू बोटीत बसून ऐकायची. त्याचा शर्ट धरून त्याला पाण्यात वडावं असं वाटायचं, आणि मग मलाच काढायला लागलं असतं म्हणून गप बसायची. डेकची चमक गेल्ती. उन्हानं गेली, पोरांच्या पायानं गेली, असं मी धरलं. मी शिडाच्या बोटीवर कमी जाते, माझं काम पाण्यात. खरं एकदा दोरी द्यायला म्हणून चढले, नाकापाशी उभी ऱ्हायले, आणि पाय सरकला न्हाय. तवा माझ्या डोक्यात आलं, म्हंजे साबणच हुता का? एकदाच आलं. खरं आलं.

तिकडं काकतीत भावाच्या घरी मालुबाईला कोण कामाला बोलवंना. चार घरची भांडी हुती, दोन घरांनी सोडवली. लेकरं हायत घरात, म्हणले, पाणी सांडून ठेवशील. हे मला उचगावच्या बाजारात तिच्या भावजयीनं सांगितलं आणि वर म्हणली, "तू तर तिची लाडकी हुतीस. मग कवाच का येत न्हाईस?" मी म्हटलं, काम लई असतंय. अकरा महिने मी काकतीला गेले न्हाय. अर्ध्या तासाची वाट हाय.

ह्या मार्चात परत शिबिराची तयारी लागली. विक्रमनं पॉलिशचा डबा आणून माझ्या पुढ्यात ठिवला, म्हणला, या वर्षी हे तू बघ. मी तो डबा उचलला, त्याच्याच गाडीपाशी नेला आणि बॉनेटवर ठिवला. "हिला लाव. ही उभीच असती." मग म्हटलं, डेकला मी टाकी लावणार. आणि शेवटी आप्पाच्या बाटलीतलं दूध पाजणार. अर्धी बाटली बोटीच्या कप्प्यात हुती, मालुबाई जायच्या आधी मी माझ्या डोळ्यानं बघितल्ती.

कप्पा उघडला. बाटली रिकामी. धुऊन, झाकण घट्ट लावून, आडवी ठेवलेली. शेजारी बांबूच्या काड्या, टोकं झिजलेल्या, सुतळीनं बांधलेल्या. पन्नास-साठ तरी असतील. त्या उद्घाटनाच्या सकाळी तिच्याकडं तीन हुत्या.

मी बाटली घेऊन गेटवर गेले. "मष्णूमामा, हे कुणी संपवलं?"

त्यानं बाटली माझ्या हातातनं घेतली. मग म्हणला, "तिनं शपथ घातल्ती. म्हणली, दिपी ऐकली तर परत भांडाय जाईल, आणि मग हे लोक मला डेकाला हात लावू देणार न्हाईत."

"आणि नंतर? अकरा महिने?"

"तू इचारलंस कवा? तिचं नाव काढलं की तू इंजिन चालू करत हुतीस."

मग त्यानं सांगितलं. मी तांब्या भरायला गेले तवा तो दारातच हुता. मालुबाईनं टेबलावरचा कागद आपल्याकडं वडला आणि विक्रमला म्हणली, अंगठा देती, तुम्ही लिवलंय तसंच असू दे, खरं सोमवारी पोरं चढायच्या आत मला डेक माझ्या हातानं धुवू द्यायचा, आणि ते कुणाला सांगायचं न्हाय, तुमीबी न्हाय, मीबी न्हाय. विक्रम व्हय म्हणला. शुक्रवार, शनवार, आयतवार ती काकतीहून पहिल्या गाडीनं आली, गेटातनं न्हाय, खालच्या चिखलातनं, आणि डोलकाठीच्या पुढचं सगळं मेण एकेक शंकरपाळी काडीनं काढलं. आयतवारी दुपारी मष्णूमामाचा हात धरून ती त्या नाकावर अनवाणी उभी ऱ्हायली, दोन्ही पाय घासून बघितलं, आणि त्याला म्हणली, "लागली टाकी."